पावणेचार इंचांचा संसार: पॉप खरा की फर्स्ट कॉपी, आणि खोक्यातून काढायचा का?

प्रश्न नाशिकच्या एका मुलाचा आहे. नोकरीला लागून वर्षही झालेलं नाही आणि आठ महिन्यांत त्याने अकरा फंको पॉप घेतलेत, म्हणजे फंको या अमेरिकन कंपनीच्या, सिनेमांतल्या पात्रांच्या मोठ्या डोक्याच्या छोट्या बाहुल्या. बाकीचे दीड-दोन हजारांचे, पण स्टार वॉर्सचा डार्थ व्हेडर ऑनलाइन साडेचारशेत मिळाला. तो ओरिजिनल आहे का? पॉप खोक्यातून काढावेत की तसेच ठेवावेत? दहा वर्षांनी यांचे पैसे होतील का? आणि शेवटी, जरा चाचरत: "आई म्हणते, एवढा घोडा झालास आणि बाहुल्या काय जमवतोस? तिला काय सांगू?"

मी पुण्यात वीसेक वर्षं सिनेमांतल्या पात्रांच्या छोट्या फिगर जमवतोय. गेली सात-आठ वर्षं लोकांच्या फिगर साफ करून, सरळ करून, जोडूनही देतो. त्यामुळे या वस्तू दुकानात कशा दिसतात याइतकंच, दहा-वीस वर्षांनी त्यांचं काय होतं हेही बघायला मिळतं. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी व्हेडर, कारण तिथे शंका आहे.

त्याला टेबलावर उभा करा आणि हेल्मेटवर एक हलकी टिचकी मारा. डोकं डुगडुगलं पाहिजे. नुसतं डावी-उजवीकडे फिरत असेल किंवा गच्च बसलेलं असेल, तर पुढचं काही बघायला नको, माल डुप्लिकेट आहे. कारण असं: स्टार वॉर्स आणि मार्व्हल या दोन्हींच्या अ‍ॅक्शन फिगर काढायचे हक्क हॅसब्रो या खेळण्यांच्या कंपनीकडे आहेत. फंकोला तीच पात्रं विकायची तर ती 'अ‍ॅक्शन फिगर' असून चालत नाहीत. म्हणून या दोन मालिकांच्या पॉपना मानेत स्प्रिंग असते आणि खोक्यावर 'बॉबल-हेड' असं छापलेलं असतं. तुमच्याकडे बॅटमॅन असेल तर त्याची मान नुसती फिरते, कारण त्याचे हक्क वेगळीकडचे. वकिलांनी काढलेली पळवाट आहे ही, पण फंकोला ती जड गेली नसणार. १९९८ साली वॉशिंग्टन राज्यातल्या स्नोहोमिश गावात माइक बेकरने ही कंपनी काढली ती मुळात डोकं हलवणाऱ्या बाहुल्यांसाठीच. पॉप आले त्यानंतर बारा वर्षांनी, २०१० साली, कंपनी ब्रायन मारिओटीकडे गेल्यावर.

डोकं डुगडुगलं तरी लगेच निश्चिंत होऊ नका. कॉपीवाल्यांनाही आता स्प्रिंग परवडते. फिगर उलटी करा. तळपायावर किंवा मानेखाली उत्पादनाचा बारीक आकडा असतो आणि खोक्याच्या तळाशीही आकडा असतो. दोन्ही जुळले तर बरं. एखाद-दुसऱ्या खऱ्या पॉपचेही ते जुळत नाहीत, म्हणून एवढ्यावरून फाशी देऊ नका. पण आकडा कुठेच नसेल तर मामला सरळ आहे. मग खोकं. डुप्लिकेट खोक्याचा पुठ्ठा पातळ असतो, काळ्या रंगात करडी झाक असते, पात्राच्या चित्राच्या कडा फुटलेल्या दिसतात. शेजारी नक्की खरा असलेला पॉप ठेवून बघितलं की डोळ्याला कळतं. एकटंच खोकं हातात घेऊन कळत नाही, हे मी स्वतः दोनदा फसून शिकलोय.

माझा सगळ्यात भरवशाचा सोबती मात्र व्हर्नियर कॅलिपर. कॉपी करणारा बहुतेक वेळा खऱ्या फिगरवरूनच साचा घेतो. त्या साच्यातलं प्लॅस्टिक थंड होताना आकसतं, म्हणून कॉपी मुळापेक्षा किंचित लहान येते आणि कडा बोथट होतात. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं. एखाद्या मित्राकडचा खरा व्हेडर मागून आणा आणि हेल्मेटची रुंदी मोजा. फरक नखाएवढाही नसतो, पण असतो. व्हेडरमध्ये ही मोजणी जास्तच लागते, कारण तो नखशिखांत काळा. रंग ओघळलाय का, डोळे तिरके बसलेत का, या नेहमीच्या खुणा त्याच्यावर दिसतच नाहीत. कॉपीवाल्यांना काळी पात्रं आवडतात ती उगाच नाही.

साडेचारशे रुपये ही किंमतच खरं तर उत्तर आहे. अमेरिकेत दुकानात साधा पॉप बारा-पंधरा डॉलरला मिळतो. त्यावर वाहतूक, कर, दुकानदाराचा नफा. साडेचारशेत तो इथे कसा पोचेल? दुकानदाराला विचारलंत तर तो "सेल होता" म्हणेल. असू दे.

आता पैशांचा प्रश्न. त्यासाठी जरा मागे जाऊ.

१९७७ साली स्टार वॉर्स आला तेव्हा सिनेमाच्या खेळण्यांना कोणी विचारत नव्हतं. सिनेमा महिना-दोन महिने चालणार, खेळणी बाजारात येईपर्यंत उतरणार, असं गणित होतं. मेगो या खेळण्यांच्या कंपनीने नकार दिला. सिनसिनाटीच्या केनरने हक्क घेतले, आणि त्यांचे अध्यक्ष बर्नार्ड लूमिस यांच्या काळातला सगळ्यात मोठा निर्णय ठरला तो उंचीचा: पावणेचार इंच. तोपर्यंतचा 'जी.आय. जो' नावाचा सैनिक बारा इंचांचा होता, मेगोच्या फिगर आठ इंचांच्या. त्या मापात हान सोलोचं यान करायचं तर ते पलंगाएवढं झालं असतं. माणूस लहान केला की यान मुलाच्या हातात मावतं, म्हणून माणूस लहान झाला. लहान झाला म्हणून हलणारे सांधे पाचच राहिले: मान, दोन खांदे, दोन मांड्या. चेहऱ्यावर रंगाचे चार ठिपके. प्रिन्सेस लेयाची पहिली फिगर बघितलीत तर चेहऱ्यावरून ती कोण हे कोणी सांगणार नाही. केसांच्या दोन अंबाड्यांवरून मात्र कोणीही सांगेल.

नाताळ आला तरी खेळणी तयार नव्हती. मग केनरने एक पुठ्ठ्याचं पाकीट विकलं. आत फिगर नाहीत! एक पुठ्ठ्याचं स्टँड, स्टिकर, आणि भरून पाठवायचं प्रमाणपत्र. ते पाठवलं की १९७८ मध्ये टपालाने ल्यूक, लेया, आर-टू-डी-टू आणि च्युबाका घरी येणार. लोकांनी रिकामी पाकिटं घेतली. मुलाला नाताळला वचन भेट द्यायचं, हे आजच्या प्री-ऑर्डरवाल्यांनाही जमलं नसतं.

पुढचं महत्त्वाचं. ती मुलं या फिगरशी खेळली. वाळूत पुरल्या, अंघोळीच्या टबात बुडवल्या, कुत्र्याने चावल्या. पाकीट फाडून फेकलं, बंदुका दुसऱ्या दिवशी हरवल्या. म्हणून आज धड पाकिटातली, किंवा निदान स्वतःच्या मूळ बंदुकीसह उरलेली फिगर महाग. ल्यूक, व्हेडर आणि बेन केनोबी यांच्या अगदी पहिल्या फिगरमध्ये लेझरची तलवार दोन टप्प्यांत बाहेर यायची, जाड दांड्यातून आणखी बारीक टोक. ते टोक मोडायचं, खर्चही वाढायचा, म्हणून केनरने लवकरच बंद केलं. जावा नावाच्या बुटक्याला आधी प्लॅस्टिकचा झगा होता. इवल्याशा फिगरला तो स्वस्त वाटतो म्हणून नंतर कापडी दिला. आज प्लॅस्टिक झग्याचा जावा म्हणजे मोठी गोष्ट, आणि त्यातली सगळ्यात जुनी लबाडी म्हणजे बेन केनोबीचा प्लॅस्टिक झगा कापून जावाला घालणं. शिंप्याची कात्री आणि निर्लज्जपणा, एवढंच भांडवल.

आणि रॉकेट उडवणारा बोबा फेट, हाही स्टार वॉर्सचाच. खोक्यावरचे कागदी ठसे कापून पाठवले की तो टपालाने मिळणार, पाठीवरून खरोखर रॉकेट सुटणार, अशी जाहिरात झाली. तेवढ्यात दुसऱ्या एका कंपनीच्या अंतराळ-खेळण्यातली गोळी घशात अडकून एक मूल दगावलं. केनरने रॉकेट पक्कं चिकटवूनच फिगर पाठवली. रॉकेट सुटणारे नमुने कारखान्याबाहेर विक्रीला कधी आलेच नाहीत. त्यातला हाताने रंगवलेला एक २०२४ साली लिलावात ५,२५,००० डॉलरला गेला. बातमी तुम्ही वाचली असेल, आणि कदाचित तिथूनच 'पैसे होतील का' हा प्रश्न आला असेल.

त्या किमतीचं मूळ दोन गोष्टींत आहे. वस्तू मुळातच मूठभर, आणि तेव्हा ती जपायची हे कोणालाच सुचलं नव्हतं. आता १९९५ बघा. तोवर केनर हॅसब्रोच्या ताब्यात गेली होती. त्यांनी स्टार वॉर्सच्या फिगर पुन्हा काढल्या, दंड फुगवलेल्या, ल्यूक जणू तालमीतून आलेला. जुन्या फिगरचे भाव लोकांना कळले होते, त्यामुळे हजारो लोकांनी त्या न उघडता पेट्यांत भरून ठेवल्या, मुलांच्या कॉलेजच्या फीसाठी. आज त्या पेट्या निघतात आणि बऱ्याच फिगर मूळ किमतीलाही जात नाहीत. सगळ्यांनीच जपल्या, मग दुर्मीळ कशा होणार?

पॉप तर याच्याही पुढचे. लाखोंनी निघतात, आणि घेणारा पहिल्या दिवसापासून प्लॅस्टिकच्या कव्हरात ठेवतो. 'चेस' म्हणजे त्याच पॉपची थोडी वेगळी आवृत्ती, सहांत एक, त्याला दुर्मीळ म्हणणं जरा जास्तच. 'व्हॉल्टेड' म्हणजे कंपनीने सध्या काढणं थांबवलं, एवढंच. उद्या सिनेमाचा नवा भाग आला की तेच पात्र वेगळ्या मुद्रेत परत येतं आणि जुन्याचा भाव बसतो. २०२३ च्या मार्चमध्ये फंकोने स्वतःच जाहीर केलं की गोदामात माल इतका साठलाय की ३ ते ३.६ कोटी डॉलरचा माल नष्ट करावा लागेल. ठेवण्याचा खर्च मालापेक्षा जड झाला होता. ज्या वस्तू कंपनीच कचऱ्यात टाकते त्यांच्यावर तुमची एफडी बांधू नका. संमेलनांत मोजक्या संख्येने वाटलेले काही पॉप खरंच महाग आहेत, पण ते साडेचारशेत मिळत नाहीत आणि दीड हजारांतही नाहीत.

म्हणजे खोक्याचं उत्तर आपोआप आलं. विकायचेच नसतील तर खोकं कोणासाठी जपताय? माझ्याकडे येणारे दहांतले आठ जण 'पुढे किंमत येईल' म्हणून खोकं उघडत नाहीत, आणि त्यातला एकही अजून विकायला गेलेला नाही. पॉप बाहेर काढा, हातात घ्या. आतला प्लॅस्टिकचा साचा काढला की खोकं तळ उघडून सपाट होतं. वहीत ठेवल्यासारखी वीस खोकी एका फायलीत मावतात. खास आवृत्तीचा स्टिकर असलेलं खोकं मात्र फेकू नका, कधी मन बदललंच तर निम्मी किंमत त्या स्टिकरचीच असते. आणि पन्नास वर्षांपूर्वीची, पाकिटातली केनर कोणी दिली तर ती अर्थातच उघडायची नाही. कोणी देत नाही, ते सोडा.

आता जपणुकीबद्दल जरा सविस्तर, कारण यात आपल्या हवेसाठी लिहिलेलं फारसं सापडत नाही.

पॉप आणि जुन्या फिगर, दोन्हींत मऊ व्हिनाइल असतं, म्हणजे पीव्हीसी. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट रसायन घातलेलं असतं. उष्णतेत, बंद जागेत, ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि फिगर चिकट होते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या माळ्यावर ठेवलेली ट्रंक जूनमध्ये उघडा, हाताला गूळ लागल्यासारखं वाटेल. घाबरू नका. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, मुलांचा मऊ टूथब्रश. आधी पाठीवर किंवा तळपायावर घासून बघा, रंग उतरत नाही ना. मग हळूहळू सगळीकडे. पोकळ डोक्यात पाणी शिरू देऊ नका, मानेची फट वर धरा. टिपकागदावर उलटी ठेवून रात्रभर पंख्याखाली. स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांना हातही लावू नका, चिकटपणासोबत चेहराही जातो. आणि धुतल्यावर पुन्हा त्याच बंद डब्यात घातलीत तर दोन वर्षांनी परत या. हवा लागली पाहिजे.

पाय वाकलेत? पॉपचं डोकं जड, पाय बारके, त्यामुळे उन्हाळ्यात ते पुढे झुकतात, देवळात नमस्कार केल्यासारखे. उकळतं पाणी नको. आधण येण्याच्या बरंच आधीचं, बोट ठेवता येणार नाही इतपत गरम पाणी वाटीत घ्या, फक्त पाय बुडवा, अर्धा मिनिट. बाहेर काढून थोडं जास्तच मागे वाकवा, तसंच धरून गार पाण्यात. मिनिटभर दम धरा. पहिल्यांदा केलं तेव्हा मी घाईत डोक्यापर्यंत बुडवलं, आणि त्या बिचाऱ्याच्या भुवया वाटीत तरंगल्या.

पांढऱ्या फिगर पिवळ्या पडतात, विशेषतः जुने स्टॉर्मट्रूपर. ऊन आणि उष्णता हे कारण. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की पांढरं होतं, पण प्लॅस्टिक आतून ठिसूळ होऊ शकतं आणि पिवळेपणा बहुधा परत येतो. अशी उजळवलेली फिगर न सांगता विकणं मी फसवणूकच मानतो. पश्चिमेच्या खिडकीसमोर शोकेस ठेवू नका. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते, शोकेस तिथून चार बोटं पुढे ओढा. खोक्यांना पुठ्ठ्यावर काळे ठिपके आणि कसर, दोन्ही धोके. सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि त्या अधूनमधून तव्यावर कोरड्या करा, नाहीतर त्या नुसत्या शोभेच्या.

डांबरगोळ्या मात्र नको. कसर लागू नये म्हणून मी एकदा ट्रंकेत मूठभर टाकल्या होत्या, कपड्यांना टाकतो तशा. चार महिन्यांनी उघडलं तर एका फिगरचा काचेसारखा पारदर्शक भाग धुरकट झाला होता आणि कागदाला चिकटून बसला होता. काही प्लॅस्टिक त्या वाफेने विरघळायला लागतात हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तुम्हाला सांगितलं.

कव्हर घेणार असाल तर पेट प्लॅस्टिकचं घ्या, पाण्याच्या बाटलीचं असतं ते. मऊ पीव्हीसीच्या पिशव्या टाळा, त्या स्वतःच चिकट होतात.

आता, काय जमवायचं? तुम्ही हे विचारलेलं नाही, पण आठ महिन्यांत अकरा या वेगाने वर्षा-दीड वर्षात भिंत भरेल, म्हणून सांगतो. कुंपण घाला. एकच सिनेमा, एकच प्रकारचं पात्र, एकच काळ, काहीही चालेल, पण 'हे माझं नाही' असं म्हणता आलं पाहिजे. माझं कुंपण विचित्र आहे. मी पडद्यावर अर्धा मिनिट दिसणारी पात्रं जमवतो. स्टार वॉर्सच्या पहिल्या सिनेमात एक गुत्ता आहे, त्यातली गिऱ्हाइकं केनरने काढली तेव्हा त्यांना धड नावंसुद्धा नव्हती. हॅमरहेड, वॉलरस मॅन अशी टोपणनावंच पाकिटावर आली. स्नॅगलटूथची तर गंमत आहे. शिल्पकाराकडे आलेल्या फोटोत त्याचं कमरेखालचं दिसतच नव्हतं. त्याने अंदाजाने पूर्ण उंचीचा, निळ्या कपड्यांचा, पायात बूट असा केला. सिनेमात तो बुटका आणि लाल कपड्यांतला. चूक कळल्यावर बुटका लाल आला, पण निळा तोवर सीअर्स दुकानांच्या एका संचात गेलेला. त्या निळ्यासाठी मी सहा वर्षं थांबलो. आला तेव्हा डाव्या पायाला चावल्याची खूण होती, तीही आवडली.

जुन्या केनरचे भाव परवडणारे नाहीत, मला तरी सगळे नाहीत. त्याच बांध्याच्या नव्या फिगर हव्या असतील तर रिअ‍ॅक्शन मालिका बघा. १९७९ साली केनरने एलियन सिनेमाच्या पावणेचार इंची फिगर तयार केल्या होत्या. सिनेमा मोठ्यांसाठीचा निघाला, मुलं घाबरतील म्हणून त्या नमुन्यांवरच थांबल्या. अठरा इंचांचा मोठा एलियन तेवढा बाजारात आला. चौतीस वर्षांनी, २०१३ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या सुपरसेव्हन कंपनीने त्या राहून गेलेल्या फिगर बाहेर काढल्या, तसाच पाच सांध्यांचा बांधा, तसंच मागे पुठ्ठा आणि पुढे प्लॅस्टिकचा फुगा. पुढे सुपरसेव्हनने हीच पद्धत इतर कितीतरी सिनेमांना लावली. मला त्या पॉपपेक्षा आवडतात. पॉपमध्ये पात्र कोणतंही असो, डोळे तेच दोन काळे टिकल्यांसारखे. रिअ‍ॅक्शनमध्ये वेडावाकडा का होईना, चेहरा असतो. हे माझं मत, तुमचे अकरा पॉप मी फेकायला सांगत नाही.

जुनी सुटी केनर घेताना पायाच्या मागची अक्षरं भिंगाने वाचा. पहिल्या फिगरवर १९७७, जी.एम.एफ.जी.आय. आणि हाँगकाँग असं कोरलेलं असतं. ती अक्षरं म्हणजे केनरची तेव्हाची मालक जनरल मिल्स, तीच नाश्त्याच्या सीरियलवाली. बंदूक वेगळी तपासा. फिगर खरी आणि हातातली बंदूक कालची, हे फार चालतं. पाण्यात टाकून तरंगते का बघा असं लोक सांगतात, मी त्यावर पैसे लावत नाही. कडांची धार बघतो.

परदेशातून मागवायचं असेल तर हिशेब आधी करा. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेलं. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे, त्यामुळे सुटी पार्सलं अडकतात. माझं एक अडीच महिने पडून होतं आणि परत गेलं. 'गिफ्ट' लिहून सोडवायची युक्ती २०१९ च्या डिसेंबरपासून बंद झाली. येणाऱ्या-जाणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेत दोन मोजे आणि त्यांत दोन फिगर, हा जुना मार्ग अजून सगळ्यात बरा. मुंबईच्या कॉमिक कॉनला जाऊन हातात घेऊन बघणं त्याहून बरं.

आपल्याकडचीही एक गोष्ट या जगात मानाने घेतली जाते. स्टार वॉर्सचं यश बघून हॅसब्रोने १९८२ मध्ये जी.आय. जो पावणेचार इंचांवर आणला. तोच आपल्याकडे फनस्कूलने बनवला, एमआरएफच्या घरची कंपनी, गोव्यात कारखाना असलेली. हाताला लागेल त्या रंगाचं प्लॅस्टिक वापरल्यासारखे त्या सैनिकांचे रंग, अमेरिकन मूळ हिरवा तर आपला केशरी-पिवळा. तिकडचे कलेक्टर आज ते भारतीय रंग शोधत असतात. त्यांच्या पोटात एक रबरी रिंग असते आणि ती कुजून तुटते. नव्वदीतल्या प्रत्येक मुलाने आपला सैनिक कमरेत दोन तुकडे झालेला बघितलाय. तुमच्या एखाद्या मामाच्या माळ्यावर असा दोन तुकड्यांतला सैनिक सापडला तर फेकू नका. हार्डवेअरच्या दुकानात त्या मापाची ओ-रिंग पाच-दहा रुपयांत मिळते, पाठीचा एक स्क्रू काढायचा, रिंग आकड्यात अडकवायची, सैनिक पुन्हा कामावर.

आणि आई. त्यांना दिवाळीचा किल्ला आठवून द्या. मातीचे मावळे आणायचो आपण, बोटाएवढे. सगळ्यांचा चेहरा एकच, डोळे म्हणजे दोन ठिपके, मिशी म्हणजे ब्रशचा एक फटकारा. तरी भालदार कोण, तोफेपाशी कोण, सिंहासनावर कोण, हे चार वर्षांच्या पोरालाही कळायचं. पगडीवरून, हातातल्या वस्तूवरून, उभं राहण्यावरून. लेयाच्या अंबाड्यांचं तेच, व्हेडरच्या हेल्मेटचं तेच. मी नवी फिगर घेताना हीच परीक्षा लावतो: नाव झाकायचं, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायची, आणि सिनेमा बघितलेल्या माणसाने ओळखली पाहिजे. नाही ओळखली तर साचा बनवणाऱ्याने काय सोडायचं ते चुकवलं, मी पैसे का घालू? आईंना अकरापैकी कोणते ओळखता येतात ते विचारून बघा. माझ्या आईने 'हा काळा यमदूत बरा आहे' म्हणून व्हेडर स्वतःच देवघराच्या बाजूच्या फळीवर ठेवला होता, तो अजून तिथेच आहे.

तुमचा व्हेडर डुप्लिकेट निघाला तर विकणाऱ्याकडे पैसे मागून बघा, मिळाले तर नशीब. नाही मिळाले तर तो पुढे कोणाच्या गळ्यात मारू नका, असा माल फिरत राहिला तर शेवटी आपल्याच कोणाकडे येतो. शिकायला मात्र तो उत्तम आहे. गरम पाण्याची वाटी, टूथब्रश, रंगाची बारीक कुंचली, सगळे प्रयोग आधी त्याच्यावर करा. खऱ्या लेयाचे पाय सरळ करायच्या आधी निदान तीनदा तरी त्याचे वाकवून झालेले असू देत. आणि टिचकी मारून झाली की तळपायाचा आणि मानेखालचा फोटो पाठवा, उजेडात, खऱ्या पॉपच्या शेजारी ठेवून काढलेला.